मदत हवी आहे: मधून सुरू होणारी पाथेची (जुनी फ्रेंच कंपनी) ग्रामोफोन तबकडी, पिन कोणती लावावी?

साधारण 29 सेंटिमीटरची तबकडी आहे. कागदी लेबल नाही. नाव आणि क्रमांक तबकडीवरच कोरलेत, पांढरा रंग भरून. गाणं मधल्या कोरलेल्या नावाजवळून सुरू होऊन कडेला संपतं. खाच रुंद, उथळ आणि उभ्या कटाची, म्हणजे आवाज खाचेच्या खोलीत आहे, भिंतींत नाही. उभ्या कटाचीच असली तरी एडिसनची डायमंड डिस्क नक्की नाही. ती जाडजूड असते आणि बाहेरून आत वाजते. म्हणून पाथे, पहिल्या महायुद्धाच्या आधीची.

स्टिरिओ कार्ट्रिजच्या (पिन धरून आवाज उचलणारा भाग) एका चॅनेलच्या दोन वायरी उलटवून दोन्ही चॅनेल एकत्र केलेत. आडवा आवाज (पिन डावी-उजवी हलल्याचा) आणि बरीच खरखर त्याने कटते. पण 78 ची (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीची) नेहमीची 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन खाचेच्या तळाशी भटकते, मोठ्या स्वराला चक्क उडते. अँटीस्केटिंग (पिनेची आत जाण्याची ओढ रोखणारी सोय) शून्यावर आहे. पिनेवरचं वजन 4 ग्रॅम. आणखी वाढवायची हिंमत होत नाही.

मूळ मशिनला नीलमण्याची गोल गोळी असायची. तेव्हा 8 मिलच्या आसपासची गोल टोकाची पिन घ्यावी, की टोक छाटलेली? झिजलेल्या खाचेत कोणती नीट बसते?

दुसरं, वेग. 78 वर गायक झोपेत गातोय असं वाटतं. 90 की 100? सोबत पियानो आहे, पण त्या काळी सूर सगळीकडे सारखा लावत नसत, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा नाही. क्रमांकावरून वेग ठरवता येतो का?

(स्पिरिटने पुसायला कृपया सुचवू नका, लाख विरघळते.)