हजार कोटींचं विद्यापीठ आणि आमचा साका

खाडीपट्टा, चिपळूण
केंद्राची 'इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स' योजना आठवते? २०१७ ची. निवडलेल्या सरकारी संस्थेला पाच वर्षांत हजार कोटींपर्यंत, आणि तिने दहा वर्षांत जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत, पुढे शंभरात यायचं. जुलै २०१८ च्या पहिल्या यादीत मुंबई-दिल्लीच्या आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था. म्हणजे ज्यांचं पान आधीच भरलेलं, त्यांनाच पुन्हा वाढा. दहावीला कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, आणि तीच पोरं पुढे मुंबई-पुण्याची गाडी धरतात. त्यांच्यासाठी यात काय आहे?

कलमी आंबा, पुणे (मूळ देवगड)
साफ असहमत. पैसा सगळ्यांत वाटला की कोणाच्याच हाती काही लागत नाही. चीनने १९९५ ला '२११' आणि १९९८ ला '९८५' प्रकल्प काढून मोजक्या विद्यापीठांत पैसा ओतला. आज पेकिंग आणि त्सिंगुआ पहिल्या पंचविसात दिसतात. शिवाय तुमचा चिपळूणचा हुशार पोरगा आयआयटीत जाऊ शकतोच की. विद्यापीठ दारातच हवं हा हट्ट कशाला?

खाडीपट्टा
चीनचं सांगितलंत, रशियाचं राहिलं. २०१३ ला '५-१००' काढलं, २०२० पर्यंत पाच विद्यापीठं पहिल्या शंभरात न्यायची म्हणून. योजनेतलं एकही मुख्य यादीत तिथवर पोचलं नाही.

बाव काठ, कुडाळ
तुमी शंभरात नि पाचशेत बसा. आमच्या कॉलेजात फिजिक्साक कायमचो मास्तर नाय. तासिका तत्त्वावरचो येता, तेचो पगार कधी येता ता तेकाच ठाऊक नाय.

माडबन, वेंगुर्ला
दोघेही यादीच्या मागे लागलात. जर्मनीने २००५ ला ठरवलेल्या योजनेत विद्यापीठांइतकाच पैसा विषयांच्या संशोधनगटांना देण्यावर भर दिला. कोकणाला तीच वाट बरी, कारण विषय आमच्याकडे आहे.

साका घ्या, म्हणजे हापूसच्या गरातला दोष. हापूस बाहेरून केशरी, वास घमघमीत. कापला की कोयीजवळचा गर पांढुरका, चिवट, आंबट. बाहेरून ओळखायची सोय नाही, म्हणून पेटी उघडणारा बागायतदारालाच शिव्या देतो. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, आणि त्याच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, १९८१ मध्ये. त्यात साका नाही. पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा, तर हापूसचा साका सुटायला हवा. आज उपाय काय, तर बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन, म्हणजे जमिनीची धग फळाला लागत नाही. तापमान वाढत चाललंय, तेवढ्यावर किती वर्षं भागणार? इथे दहा वर्षं एकसलग पैसा द्या. वनस्पतिशास्त्र, रसायन, हवामान, साठवण, सगळे एका छपराखाली.

कलमी आंबा
कल्पना चांगली आहे, माझ्याही बागेत साका आहे. पण क्रमवारीत ते मोजणार कोण? तिथे शोधनिबंधांचे इतरांनी घेतलेले दाखले, परदेशी प्राध्यापक आणि जगभरच्या लोकांनी दिलेलं मत धरतात. वेंगुर्ल्याच्या कलमाला त्यात खातं नाही.

माडबन
मग मोजपट्टी बदला ना! काजूची वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं कोकणात किती बागांत उभी आहेत, ते एकदा बांधावर येऊन बघा. मग दर्जा कशाला म्हणायचं ते बोलू.

खाडीपट्टा
माडबन, पैसा राज्याच्या विद्यापीठांपर्यंत येण्याची वाटही आहे. २०२३ ची पीएम-उषा, म्हणजे राज्यांच्या उच्च शिक्षणासाठीची केंद्राची योजना, तीन वर्षांसाठी १२,९२६ कोटींची. निवडक विद्यापीठांना प्रत्येकी शंभर कोटी, राज्याने साधारण चाळीस टक्के वाटा घालायचा.

कलमी आंबा
म्हणजे पुन्हा निवडकच! माझंच म्हणणं तुम्ही मांडलंत.

खाडीपट्टा
नाही हो. निवडायला माझी हरकत नाही. हरकत ही की प्राध्यापकांची भरती बंद ठेवून निवड करता. शंभर कोटींत प्रयोगशाळा उभी राहील, यंत्रं येतील, आणि ती हाताळायला तोच तासिका तत्त्वावरचा माणूस, जो मे महिन्यात बेकार असतो.

बाव काठ
आता कसा बोललास.

कलमी आंबा
भरतीचा मुद्दा मान्य, पण ते राज्याचं काम. केंद्राची योजना त्यासाठी का अडवायची?

माडबन
अडवा. पदं भरल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, अशी अट घाला, मग बघा जाहिराती कशा निघतात.