आकाशातून पडलं ते 'खनिज' कसं?

कोरांटी: मॉइसनाइटवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'पृथ्वीवर आणि अशनींमध्येही सापडणारं दुर्मीळ खनिज' असं लिहिलं, तर संपादकांनी 'खनिज' खोडलं. म्हणे, खनि म्हणजे खाण. आकाशातून पडलेलं खनिज कसं? 'स्फटिकद्रव्य' सुचवलंय. तुम्ही काय लिहाल?

पाणकणीस: संपादकांशी सहमत. संस्कृत शब्द घ्यायचा आणि त्याच्या धातूकडे काणाडोळा करायचा, हे मला पटत नाही.

रानवाट: मग शेंगदाण्याचं 'तेल'ही सोडा, तो शब्द तिळावरून आलाय! 'मिनरल'चं लॅटिन मूळही खाणीशीच जातं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांना १८९३ मध्ये हे कण ॲरिझोनातल्या अशनीत मिळाले. आधी ते हिरे वाटले, १९०४ मध्ये सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे सिलिकॉन आणि कार्बनचं संयुग ठरले. पुढे पृथ्वीवरच्या किंबर्लाइट या ज्वालामुखीजन्य खडकातही मिळाले. पदार्थ एकच, खडकात खनिज आणि अशनीत स्फटिकद्रव्य?

गारगोटी: भूशास्त्र शिकवते म्हणून सांगते. खनिज ठरतं ते नैसर्गिक घडण, ठरावीक रासायनिक घटक आणि अणूंची नेमकी मांडणी यांवरून. खाण व्याख्येत नाहीच. दागिन्यांतलं मॉइसनाइट मात्र प्रयोगशाळेतलं, ते काटेकोरपणे खनिज नव्हे. आणि १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतले याचे काही कण सूर्यमालेच्याही आधीचे आहेत. तेव्हा पृथ्वीच नव्हती, खाण कुठली शोधणार?

पाणकणीस: शास्त्राची व्याख्या मान्य. पण नवा शब्द घडवायची संधी का दवडायची?

सहाण: घडवायचाच तर 'कर्बकुरुंद' घ्या! आमचे आजोबा कार्बोरंडमच्या दगडावर पटाशीला धार लावायचे, पाणी शिंपडत, एकाच दिशेनं. त्याला ते कुरुंदच म्हणत. कार्बोरंडम म्हणजे हेच सिलिकॉन कार्बाइड, आणि त्या नावातलं 'कोरंडम' म्हणजे कुरुंदच, आपल्याकडूनच गेलंय.

गारगोटी: शब्द देखणा आहे, पण कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. यात ॲल्युमिनियम नाही. कार्बोरंडम पहिल्यांदा बनवणाऱ्या ॲचेसन यांनी ते कार्बन आणि कोरंडम यांचं संयुग समजून नाव दिलं. ती चूक मराठीत कशाला आणायची?

सहाण: धार लावणाऱ्याला दोन्ही कुरुंदच. बोलीतला शब्द रसायनशास्त्राला विचारून येत नाही.

कोरांटी: संपादकांना आज उत्तर द्यायचंय. 'खनिज' ठेवू ना?

रानवाट: ठेवाच. फक्त मसुद्यात 'अशनी पडला' आहे की 'पडली'?

पाणकणीस: पडला! अशनी म्हणजे इंद्राचं वज्र.

गारगोटी: संस्कृतात तो शब्द दोन्ही लिंगांत चालतो. मी वर्गात 'पडली'च म्हणते.

पाणकणीस: वर्गात काहीही म्हणा, छापताना 'पडला'च हवं.