स्पोर होणं म्हणजे बटण दाबणं नव्हे

सूक्ष्मदर्शी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'अन्न संपलं की बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू स्विच दाबल्यासारखा स्पोर होतो.' स्पोर म्हणजे टणक कवचातली झोपलेली पेशी. डोकंच फिरलं. स्विचच असता तर एक प्रथिन पुरलं असतं. इथे फॉस्फेट रिले शर्यतीतल्या काठीसारखा एका प्रथिनावरून दुसऱ्यावर सरकतो: किन-ए वगैरेंकडून स्पो-झिरो-एफवर, तिथून स्पो-झिरो-बीवर, मग स्पो-झिरो-एवर. संशोधक होक यांच्या गटाने १९९१ मध्येच दाखवलंय. वाटेत रॅप प्रथिनं एफवरचा फॉस्फेट उडवायला टपलेली. शेवटच्या एवर फॉस्फेट थोडाच असेल, तर पेशी आधी बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, बांधते, शेजाऱ्यांना मारून खाते. भरपूर साठला तरच स्पोर. कारण त्यात सात-आठ तास जातात आणि टोकाशी आडभिंत पडून पुढची जनुकं चालू झाली की माघार नाही.

कट्टेकरी: तो 'कुणीतरी' मीच. उंबरठा ओलांडला की स्पोर, नाहीतर नाही. मग स्विचच की! रिलेचे बाण परीक्षेत काढून काढून हात दुखले, पण कॉलेजात खरा स्पोर एकदाही दाखवला नाही कुणी.

सूक्ष्मदर्शी: कॉलेजचा राग माझ्यावर कशाला? एकाच फ्लास्कमधल्या, सारख्याच जनुकांच्या, सारख्याच उपाशी पेशींतल्या काही स्पोर होतात, काही नाही. हे कसं, ते सांगा.

धिंगरीवाला: ते राहू द्या. माझ्या स्पॉनच्या, म्हणजे धिंगरी अळिंबीच्या बियाण्याच्या, पिशव्या आंबट वास मारायच्या, गव्हाचे दाणे चिकट. आता गहू रात्रभर भिजवतो. दाण्यांवरच्या जिवाणूंचे स्पोर उगवतात, मग कुकरमध्ये मरतात. पिशव्या ठणठणीत.

आगाऊ: भिजवण्याने कप्पाळ होतंय! १२१ अंशांवर पुरेसा वेळ ठेवत नसाल. घाई करायची आणि जिवाणूंना शिव्या द्यायच्या.

धिंगरीवाला: तुम्ही कधी एक तरी पिशवी भरलीय का? फुकटचे सल्ले नकोत.

सूक्ष्मदर्शी: दोघंही अर्धे बरोबर. भिजवून बरेच स्पोर जागे होतात, पण काही हट्टी तसेच झोपून राहतात. म्हणून तापमान आणि वेळ दोन्ही हवेतच. कट्टेकरी, बघा, उठतानाही सगळे एकदम उठत नाहीत.

कट्टेकरी: बरं बाबा, स्विच नाही. हाउसिंग सोसायटीची सभा म्हणू? आधी भांडणं, मग ठराव, तरी निम्मे गैरहजर.

सूक्ष्मदर्शी: चालेल. स्विचपेक्षा बरंच.

धिंगरीवाला: गव्हाला जिप्सम उकडण्याआधी लावायचं की नंतर?

आगाऊ: नंतर. पण तुम्हाला फुकटचे सल्ले नकोत ना?