निगिरीला मूद म्हणायचं की मुटका?

कृष्णाकाठ (सांगली)
गेल्या महिन्यात भाचीने मुंबईत एका भारी जपानी सुशीच्या हॉटेलात नेलं. आत दहाबारा खुर्च्या, समोर लांब लाकडी फळी, पलीकडे आचारी. मेनूकार्ड नाहीच. आचारी देईल ते खायचं, याला ओमाकासे म्हणतात. तो ओल्या हातात छोट्या लिंबाएवढा भात घ्यायचा, दोनतीनदा दाबायचा, वर माशाचा काप ठेवून समोर मांडायचा. हीच निगिरी. अख्खी एका घासात खायची. मी काट्याचमच्याकडे बघत होते, तर भाची म्हणाली, "आत्या, हातानेच खा, इथे चालतं." फार बरं वाटलं मला.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, "भाताची छोटीशी मूद आणि तिच्यावर मासा." त्यांनी तिथंच अडवलं. "मूद वाटीने पाडतात. हाताने केला तो मुटका." सोसायटीच्या भित्तिपत्रकासाठी हे लिहितेय आणि दोन दिवस याच वाक्यावर थांबलेय. बरोबर काय?

रानवाट (कराड)
जाऊबाईंचं बरोबर. निगिरी हे नावच मुळी 'मुठीत धरून दाबणे' या जपानी क्रियापदावरून आलंय. मूठ, मुटका, मुटकुळं ही सगळी एका घरची माणसं. मेथीच्या मुटक्यावर बोटांचे वळ उमटतात, तीच त्याची ओळख. मूद गुळगुळीत, कारण माझ्या मते ती 'मुद्रा'वरून आली. शिक्काच तो. जपान्यांकडे तर दोन्ही प्रकार आहेत. ओसाकाकडे लाकडी पेटीत भात आणि मासा दाबून मग तुकडे कापतात, ती ओशीझुशी. मूद म्हणायचंच तर तिला म्हणा.

हळदीचं पेव (सांगली)
व्युत्पत्ती कबूल, शब्द नाही. मुटका म्हटलं की घाईघाईत वळलेलं, ओबडधोबड काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तिथला आचारी भात दाबायला वर्षानुवर्षं शिकतो. दाणा मोडायचा नाही आणि घास सुटायचाही नाही. त्याला मुटका कसं म्हणवतं? निगिरीच म्हणा. पाव पोर्तुगिजांकडून आला, त्याला आपण दुसरं नाव शोधत बसलो नाही.

रानवाट
निगिरी म्हणाच. पण ताईंना ती न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायचीय. आणि मुटका ओबडधोबड हे कुणी ठरवलं? आमची आई वळायची ते सगळे एका मापाचे असायचे. घरच्या कामाचे शब्द आपणच हलके करून ठेवलेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संगममाहुली (सातारा)
एक गोष्ट राहतेय. भात हाताने वळला की आमच्याकडे पिंड आठवतो. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर वडिलांचं कार्य केलं, तेव्हापासून माझ्या तरी डोळ्यांपुढून ते जात नाही. आजी पानात हाताने वळलेला भाताचा गोळा कधी वाढू द्यायची नाही, वाटीची मूदच. जपानातही भातात चॉपस्टिक उभ्या रोवत नाहीत, कारण मृतापुढे ठेवलेल्या भातात तशा रोवतात. म्हणून ताईंच्या तोंडी आपसूक मूद आलं असेल. मूद पंगतीची, मंगल.

कृष्णाकाठ
दादा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण काऊचिऊचे घास आपण हातानेच वळतो ना? आता 'घास' एवढंच लिहावंसं वाटतंय.

माणदेशी (दहिवडी)
घास म्हणजे तोंडात जातो तो, पदार्थ नव्हे. आणि नुसतं 'भात' लिहू नका, आंबट भात लिहा. सुशी हे नाव त्या भाताचं आहे, कच्च्या माशाचं नाही. नुसता मासा असेल तर ती साशिमी. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो भातात आंबवायचे आणि भात टाकून द्यायचे. आता भातात व्हिनेगर, साखर, मीठ कालवतात, म्हणून 'आंबवलेला' म्हटलं तर चुकेल. सोबत आल्याचे पातळ गोडसर काप दिले असतील, त्यांना काय म्हणालात?

कृष्णाकाठ
तोंडीलावणं.

माणदेशी
नाही पटत. तोंडीलावणं घासाबरोबर खातात. ते आलं दोन घासांच्या मधे खायचं, आधीच्या माशाची चव जावी म्हणून.

हळदीचं पेव
मग मुखशुद्धी म्हणा की. शब्दशः तेच.

संगममाहुली
मुखशुद्धी जेवण उरकल्यावर. मधेच बडीशेप दिली तर पाहुणा उठेल. कोरड्यास म्हणता येईल का?

माणदेशी
अजिबात नाही! कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरचं पातळ. आमच्याकडे हुलग्याचं, मटकीचं. कोरड्या भाकरीला ओलं करायला, म्हणून कोरड्यास.

रानवाट
आमच्याकडे सुकी भाजीसुद्धा कोरड्यासच. शेतात भाकरी सोडली की आजोबा पहिलं विचारायचे, "कोरड्यास काय हाय?" फडक्यात कधी झुणका असायचा, कधी नुसती परतलेली मेथी. पातळ काही बांधून नेताच येत नव्हतं.

माणदेशी
आम्ही किटलीतून न्यायचो.