बाजार तापलाय म्हणून पैसे काढावेत का?

दांडियाबाजारकर
मुलीच्या एमएससाठी दीड-दोन वर्षांत मोठी रक्कम लागेल. सगळी इक्विटी फंडांत आहे. निम्मी काढून एफडीत टाकायची म्हणतोय, तर घरात सगळे माझ्याविरुद्ध. सेवउसळच्या गाडीवर माणसं तर्री वाढून घेता घेता कुठल्याशा आयपीओचा (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीचा) ग्रे मार्केटमधला, म्हणजे नोंदणीआधीच्या अनधिकृत बाजारातला, प्रीमियम विचारतात, आणखी काय पुरावा हवा? ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या एका दुचाकी विक्रेत्याने, दोन शोरूमच्या जिवावर, १२ कोटींचा आयपीओ आणला. मागणी आली ४,८०० कोटींच्या आसपास! महिन्याभरात निफ्टी, म्हणजे पन्नास बड्या कंपन्यांचा निर्देशांक, २६,२७७ ला टेकला आणि पुढच्या एप्रिलमध्ये २२,००० च्याही खाली जाऊन आला. पटत नसेल तर खोडून काढा.

मांजलपूर_एसआयपी
खोडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टीचा पीई (शेअरचा भाव कमाईच्या किती पट ते) ४० च्या वर होता, निर्देशांक १५,००० च्या आसपास. जाणकारांनी धडाधड नफावसुली केली. एप्रिलमध्ये निफ्टी १४,२०० च्या खाली आला खरा, पण कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात, ऑक्सिजनसाठी धावाधाव चाललेली. त्या आठवड्यात परत खरेदी करायची छाती किती जणांना झाली? ऑक्टोबरात निफ्टी १८,००० पार. काढायची वेळ एखाद्याची साधतेही, परत शिरायची मात्र हुकते. आणि सेवउसळच्या गाडीवर बाजाराच्या गप्पा कधी नसतात हो? हे बडोदं आहे!

सयाजीगंज_जुना
तो ४० चा आकडाच फसवा होता, भाऊ. कोरोनाने कंपन्यांचा नफा आटला होता आणि एनएसई, म्हणजे निफ्टी काढणारा शेअर बाजार, तेव्हा पीई काढताना उपकंपन्यांची कमाई धरतच नसे. मार्चअखेर पद्धत बदलली आणि पीई एका झटक्यात उतरला. शेअरचे भाव होते तिथेच.
पण म्हणून 'बाजार परत वर येतोच' हेही ऐकवू नका. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० पार होता, ऑक्टोबरात ८,००० च्या खाली. परत २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडलं. जपानच्या निक्केईला १९८९ चा उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ यावं लागलं. आपल्या सयाजीगंजातला वडोदरा शेअर बाजार तर २०१५ मध्ये कायमचाच बंद झाला, पण तो विषय वेगळा.

मांजलपूर_एसआयपी
जपानची भीती दाखवून इथे एसआयपी (फंडातली दरमहाची ठरलेली गुंतवणूक) बंद करायला लावणार का काका?

सयाजीगंज_जुना
तुझी चालू ठेव की! तुझं वय काय, यांची गरज काय.

अलकापुरीची_ताई
तापलाय की नाही यावर कसले भांडताय? दादा, फीची तारीख ठरलेली आहे. बाजार मेल्यासारखा पडून असता तरी हे पैसे काढायलाच हवे होते. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,४०० वर होता, मार्चमध्ये ७,५०० पर्यंत घसरला. असल्या मार्चमध्ये विद्यापीठ फी भरायला थांबतं का? आणि निम्मेच का? पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च पूर्ण काढा. उरलेलं दुसऱ्या वर्षाचं, त्यावर हवं तर वाद घाला.

दांडियाबाजारकर
म्हणजे ताई, तुम्ही माझ्याच बाजूच्या.

अलकापुरीची_ताई
काढण्यापुरती. तापलाय म्हणून काढलेत, तर उद्या पाच टक्के पडला की 'थंड झाला' म्हणून परत टाकाल.

दांडियाबाजारकर
आयपीओचं वेड मला अजूनही खटकतं, ते राहणारच. पण पहिलं वर्ष पूर्ण काढतो. कराचं काय?

अलकापुरीची_ताई
वर्षावर ठेवलेल्या युनिट्सच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के, दर आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ. काही युनिट्स ३१ मार्चच्या आत विका, काही एप्रिलमध्ये, म्हणजे सवलत दोनदा मिळेल. वहिनींचा स्वतःच्या कमाईतला वेगळा फोलिओ (फंडातलं खातं) आहे का? असेल तर त्यांचा सव्वा लाख वेगळा.

दांडियाबाजारकर
आहे. पण तीच तर घरातल्या विरोधी पक्षाची नेता आहे.