मदत हवी आहे : कार्यशाळेसाठी संबळ कोठे मिळतील?

तुळजापूरजवळच्या आमच्या गावात मार्गशीर्षात दोन दिवसांचा लोकसंगीत महोत्सव ठरला असून गोंधळी, वाघ्या-मुरळी आणि भारुडाचे संच येणार आहेत. अडचण आहे ती सकाळच्या संबळ-कार्यशाळेची. शिकवायला एक ज्येष्ठ गोंधळी आनंदाने तयार आहेत. परंतु त्यांचा एकुलता एक संबळ देवीच्या सेवेतला असल्याने तो पंधरा मुलांच्या हाती देणे त्यांना रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. तबला-डग्ग्यावर सराव घेऊन पाहिला. मात्र कमरेला बांधलेल्या वाद्यावर वाकड्या टोकाच्या काडीचा घाव कसा बसतो, हे त्यातून मुलांना कळत नाही. नवे संबळ विकत घेण्याइतकी वर्गणी जमलेली नाही. धाराशिव, लातूर किंवा सोलापूर भागात सरावाचे चार-पाच संबळ दोन दिवसांसाठी भाड्याने कोठे मिळतील?