तारीख संदिग्ध असेल, तर लायब्ररीने अंदाज करावा की काम थांबवावे?

विदाकर्मी (धागाकर्ता):

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तक्त्यांतील माहिती हाताळण्यासाठी पांडाज ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतात. तिची २.० ही आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली. मजकूर म्हणून लिहिलेल्या तारखा वाचून त्यांचे खऱ्या तारखांत रूपांतर करणाऱ्या, तिच्यातील टू_डेटटाइम या फंक्शनची वागणूक तेव्हा जी बदलली, तिच्याबद्दलची कुरकुर अजूनही थांबलेली नाही. जुन्या आवृत्त्या कॉलममधील प्रत्येक तारखेचा वेगळा अंदाज घेत असत: महिना आधी आहे असे धरून वाचायचे, आणि ते जमले नाही तर दिवस आधी धरायचा. नवी आवृत्ती कॉलममधील पहिल्या भरलेल्या नोंदीवरून फॉरमॅट ठरवते आणि पुढची एखादी नोंद त्यात बसली नाही की एरर देऊन थांबते. माझ्या मते हा बदल योग्यच होता.

आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष असा क्रम असतो. एखाद्या दुकानाची एप्रिल महिन्याची विक्री, रोज एक ओळ याप्रमाणे, जुन्या पांडाजला फॉरमॅट न सांगता दिली, तर ०१-०४-२०२३ ही तारीख ४ जानेवारी होई, ०२-०४-२०२३ ही ४ फेब्रुवारी होई, आणि असे करत १२ तारखेपर्यंतचे दिवस वर्षभर विखुरले जात. १३ पासून पुढे मात्र सगळे बरोबर. एका महिन्याचीच फाईल असेल तर हा घोळ निदान नजरेत भरतो. पूर्ण वर्षाच्या फाईलमध्ये ३६५ पैकी १३२ तारखा चुकतात आणि तरीही प्रत्येक महिन्यातील ओळींची संख्या जशीच्या तशी राहते, कारण जितक्या ओळी एका महिन्यातून बाहेर जातात तितक्याच इतर महिन्यांतून आत येतात. म्हणजे ओळी मोजून पडताळणी करणाऱ्यालाही काही कळत नाही. अशा उत्तरापेक्षा बंद पडलेला प्रोग्रॅम कधीही परवडला.

सर्व्हरपाल:

रोग आपण नेमका सांगितला आहे, पण औषध भलत्यालाही पाजले गेले, त्याचे काय? माझी तक्रार दिवस-महिन्याच्या गोंधळाची नाही. वर्ष-महिना-दिवस या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) क्रमात कसलीच संदिग्धता नसते, तरी २.० ने तिथेही मोडतोड केली. वेळ याच क्रमात लिहून देणारे पायथनचे आयसोफॉरमॅट हे फंक्शन मायक्रोसेकंद शून्य असतील तर अपूर्णांकाचा भाग लिहीतच नाही. त्यामुळे लॉगमधल्या (सर्व्हर आपोआप करतो त्या नोंदींच्या फाईलमधल्या) लाखो ओळींत सेकंदांपुढे सहा अंक असतात आणि दहा लाखांत एखादी ओळ नुसत्या सेकंदांवर संपते. पहिल्या ओळीवरून ठरलेल्या फॉरमॅटमध्ये ती बसत नाही आणि काम थांबते. चाचणीत हे सापडणे जवळजवळ अशक्य. सापडते ते रात्री, प्रत्यक्ष वापरात. ज्या नोंदीचा अर्थ एकच निघू शकतो ती नाकारण्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

विदाकर्मी:

त्यासाठी फॉरमॅट म्हणून ‘आयएसओ८६०१’ असे सांगण्याची सोय २.० मध्येच दिलेली आहे. ती सांगितली की अपूर्णांक असलेल्या आणि नसलेल्या ओळी एकत्र चालतात. एका शब्दाची भर घालावी लागते, हे खरे. पण तो शब्द लिहिताना आपल्या फाईलमध्ये काय आहे याचा विचार करावा लागतो, आणि माझ्या दृष्टीने तो फायदाच आहे.

आकडेमोड:

तो विचार लोक करतात, हे गृहीतकच मला पटत नाही. एरर आली की बहुतेक जण काय करतात? याच फंक्शनच्या ‘एरर्स’ या पर्यायात ‘कोअर्स’ लिहितात, म्हणजे जे वाचता आले नाही ते रिकामे धरले जाते, आणि पुढच्या कामाला लागतात. आता आपलीच एप्रिलची फाईल घ्या. पहिली ओळ ०१-०४-२०२३, त्यावरून ‘महिना आधी’ हा फॉरमॅट ठरला. १३ ते ३० या तारखा त्यात बसत नाहीत, म्हणून त्या रिकाम्या झाल्या. १ ते १२ पूर्वीसारख्याच चुकल्या, अपवाद फक्त ४ एप्रिलचा. जुन्या आवृत्तीत तीसपैकी १९ तारखा बरोबर येत होत्या, नव्या आवृत्तीत एक येते!

शिवाय मूळ अंदाज गेला कुठे? तो प्रत्येक ओळीऐवजी पहिल्या ओळीपुरता उरला, इतकेच. तीच फाईल उलट्या क्रमाने लावली, तर पहिली ओळ ३०-०४-२०२३ येईल, पांडाज एक इशारा छापून दिवस आधी धरील आणि सगळे बरोबर वाचील. ओळींच्या क्रमावर तारखांचा अर्थ ठरत असेल, तर बग अर्धाच निघाला आहे. आणि महिन्याच्या १२ तारखेपर्यंतचीच फाईल असेल, तर आजही एकही एरर न येता सगळे चुकीचे वाचले जाईल.

जुनी_आवृत्ती:

मला वेगळ्याच बाजूने बोलायचे आहे. चुकीच्या वागणुकीवरही लोकांचे चालते काम उभे असते. संकेतस्थळांसाठी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचे उदाहरण पाहा. तिच्या २००९ च्या मानकात टाइम झोन न लिहिलेली आयएसओ तारीख यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरायची असे होते. २०१५ मध्ये ती स्थानिक वेळ ठरवली गेली. २०१६ मध्ये पुन्हा बदल होऊन तडजोड झाली: नुसती तारीख असेल तर यूटीसी, सोबत वेळ असेल तर स्थानिक. तर्काला धरून हे मुळीच नाही. ‘२०२४-०१-१५’ भारतात १५ तारखेची पहाटेची साडेपाचची वेळ होते आणि न्यूयॉर्कमध्ये १४ तारखेची संध्याकाळ. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना एखाद्या ॲपमध्ये वाढदिवस एक दिवस अलीकडे दिसतो तो बहुधा यामुळेच. तरीही ते तसेच ठेवले, कारण चालू संकेतस्थळे त्यावर विसंबून होती. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

विदाकर्मी:

ही तुलना पूर्ण लागू होत नाही. संकेतस्थळ पाहणाऱ्याला ब्राउझरची जुनी आवृत्ती धरून बसता येत नाही. पांडाज वापरणाऱ्याला आवृत्ती स्वतः ठरवता येते, आणि पहिला आकडा १ वरून २ होतो तो अशा बदलांसाठीच असतो.

आकडेमोड यांचे गणित मात्र बिनतोड आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्यावरचा उपाय मागे जाणे हा नसून आणखी पुढे जाणे हा आहे: दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंत असतील आणि फॉरमॅट सांगितलेला नसेल, तर पहिल्याच ओळीला थांबावे. ‘डेफर्स्ट’ (दिवस आधी) या पर्यायावरही भिस्त ठेवू नये, कारण तो सक्तीचा नाही, नुसता कल सांगतो, असे पांडाजच्या दस्तऐवजातच लिहिलेले आहे.

सर्व्हरपाल:

पहिल्याच ओळीला थांबण्याला माझी हरकत नाही, फक्त आयएसओला त्यातून वगळा.

आकडेमोड:

सक्ती केलीत तरी एक फाईल उरतेच. अमेरिकी सेटिंग असलेल्या एक्सेलमध्ये आपली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाईल) उघडली, की बारापर्यंतच्या तारखांचे एक्सेल स्वतःच महिना आधी धरून रूपांतर करते आणि १३ पासूनच्या तारखा मजकूर म्हणून सोडून देते. ती एक्सेल फाईल म्हणून सेव्ह झाली, की अर्ध्या सेलमध्ये खऱ्याखुऱ्या, पण चुकीच्या तारखा असतात. पांडाजला त्या तयार तारखा म्हणूनच मिळतात, त्यामुळे फॉरमॅट कितीही नेमका सांगितला तरी त्यांना तो लागूच होत नाही. कॉलमची अलाइनमेंट कोणी बदललेली नसेल, तर काही तारखा सेलच्या उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला टेकलेल्या दिसतात, तेवढीच खूण. ती दिसली, तर कोड लिहीत बसण्यापेक्षा फाईल पाठवणाऱ्याकडून मूळ सीएसव्ही मागून घ्यावी, आणि ती एक्सेलमध्ये न उघडता पाठवा असेही सांगावे.